टेबललॅम्प चालू असताना

रविवारी संध्याकाळी टेबललॅम्प लागला नाही. बटण दाबलं, परत दाबलं, काही नाही.

रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरात त्या लॅम्पला वेगळाच मान आहे. आतल्या खोलीच्या दाराखालून त्याचा उजेड दिसला, की मी ऑफिसचं काम करतोय असं समजायचं. टीव्हीचा आवाज कमी होतो. बायको चहा ठेवून न बोलता निघून जाते. आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून बाहेरच्या खोलीत पडून असलेली माझी माय मला हाक मारत नाही.

मी काम करत नाही. कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. मायजवळ बसलं की तिच्याशी बोलायला माझ्याकडे काही नाही हे कळतं, आणि उठूनही जाता येत नाही. म्हणून बसतच नाही. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मागे एकदा बायको पुरानी बस्तीत माहेरी गेली होती. परत आली तर मायची चादर ओली. बायको रायपूरचीच, मराठी समजते पण बोलते हिंदीत. "आवाज़ क्यों नहीं दी, अम्मा?"

"तो कामात होता ना," माय म्हणाली.

बायकोनं चादर धुतली. मी आत होतो. डाव अर्धा होता.

तर त्या रविवारी मी आधी बाथरूमचा बल्ब काढून लॅम्पला लावून पाहिला. नाही. त्याच सॉकेटमध्ये मोबाइल लावला, तो चार्ज व्हायला लागला. म्हणजे दोष लॅम्पमध्येच.

"छोड़िए न, कल पंडरी बाज़ार से नया ले लेंगे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज अम्मा के पास बैठ जाइए."

नेमकी तीच भीती होती. मी स्क्रूचा पेचकस शोधला. पण आत उजेडच नव्हता. चांगली ट्यूबलाइट मायच्या पलंगाच्या वरच्या भिंतीवर. शेवटी तिच्याच उशाशी स्टूल टाकून बसावं लागलं.

"काय झालं रे बाबू?"

"लॅम्प बिघडला, माय."

"अगं बाई! मंग काम कसं करशील?"

प्लग लावून लॅम्पची मान वाकवली तर बल्ब क्षणभर लुकलुकला. मान सरळ केली, गेला. वाकवून वाकवून वायर आत तुटली होती. प्लग काढला आणि तळाचे स्क्रू खोलायला लागलो.

"हरवशील. इकडे दे, मी धरते," माय म्हणाली. तिनं स्क्रू मुठीत घेतले आणि मूठ घट्ट आवळून, ओठ मिटून माझ्या हाताकडे पाहत राहिली. एरवी बोलून बोलून जीव खाते, आज गप्प. मला वाटलं, मजा वाटून राहिली तिला. मला मात्र कधी संपतं नि कधी आत जातो असं झालं होतं.

तुटका तुकडा कापला, वायर जोडली, टेप गुंडाळला. स्क्रू घ्यायला तिची मूठ उघडली तर स्क्रूंचे वळ तिच्या तळव्यावर उमटले होते. स्क्रू बसवले, प्लग लावला. लॅम्प लागला.

"लागला ना! जा मंग, कर काम," असं म्हणून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी लॅम्प धरून उभा राहिलो. आत गेलो की दार लागणार, आणि परत कोणी मला हाक मारणार नाही. दोन पावलांवर खोली होती. जाता येईना.

"माय, मी आत काम नाही करत. पत्ते खेळतो."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

मायनं मान वळवली. "रोज?"

"रोज."

"जिंकतो बी का रे, का नुसता हारतो?"

"जिंकतो कधी कधी."

"मंग भांडं आण लवकर. तू बसला तवापासून लागली आहे मले."

बायको पिठाचे हात घेऊन दारात आली. मी म्हटलं, मी देतो. पण बेडपॅन घरात कुठे ठेवलेलं असतं, हे मला बायकोलाच विचारावं लागलं.