पान उलटा की

परभणी-गंगाखेड एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. मांडीवरच्या बांगड्यांच्या पेटीची कडी बोटाने वाजवत राहायची. पोखर्णीला उतरून नरसिंहाच्या देवळापाशी दुकान लावायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिला वाचता येत नसावं, हेही मीच ठरवून टाकलेलं.

माझ्या हातात एक कादंबरी होती. काकाने छळलेली मुलगी आईला सगळं सांगते आणि आई म्हणते, गप बस. त्या पानावर मी अडले होते. रोज तेवढंच वाचायचं आणि पुस्तक मिटायचं.

आठव्या दिवशी कडीवरचं बोट माझ्या पानावर आलं.

“पान उलटा की, मॅडम. आठ दिस झाले, लेकरू तितंच उभं हाय.”

मी चमकले. पान उलटलं. दोघी वाकून वाचू लागलो. ती ओठ हलवत वाचायची, म्हणून मी थांबायचे. कादंबरीतली मुलगी मोठी झाली तरी झोपेत दचकायची. मग एका दुपारी, भरल्या घरात, ती काकासमोर उभी राहिली.

“पोखर्णी! पोखर्णी!” कंडक्टर ओरडला.

“थांबा वो! पोरगी बोलायलीय!”

पान संपल्यावरच ती उठली. “माझी माय बी गप बस म्हणली हुती,” एवढं बोलून उतरली.

दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला. गाडी खच्चून भरलेली. माझ्या जागेवर तिने रुमाल टाकून ठेवला होता.

“बसा नंतर,” ती म्हणाली, “आदी पुस्तक काढा.”