प्रश्न देशाबाहेर गेला की

कुरुंद्याहून पोरगी बघायला जीप निघाली की पुढची जागा तातेरावांची. ते नवऱ्या मुलाचे कुणी नसत. लिपिकापासून तलाठ्यापर्यंत मिळेल ती परीक्षा त्यांनी दिली होती, आणि वय उलटल्यावर नोकरी सोडून बाकी सगळं त्यांच्याकडे उरलं होतं: देशांच्या राजधान्या, नद्यांची लांबी, कुठल्या संसदेला काय म्हणतात. एवढं ज्ञान हळदीच्या वावरात कुठं वापरणार? ते पोरींवर वापरलं जाऊ लागलं.

रीत अशी होती. पोरगी पाटावर बसली की मामा नाव-गाव विचारणार, एखादी बाई चालून दाखवायला सांगणार, आणि मग सगळे तातेरावांकडे बघणार. पसंती असली तर प्रश्न महाराष्ट्रातच फिरत. जिल्हा कोणता, मुख्यमंत्री कोण, गोदावरी कुठं उगम पावते. पण रंग, उंची किंवा देणंघेणं पटलं नाही, की नवऱ्याकडचा वडीलधारा सुपारी कातरत म्हणे, "तातेराव, जरा भायेरचं इचारा."

मग ते मादागास्करची राजधानी विचारत. पोरीला ती कुठून येणार? पुढं चार दिवसांनी निरोप जाई, "पोरगी चांगली हाय, पर जनरल नॉलेज कच्चं हाय." कुणाच्या रंगावर बोट ठेवायला नको, सोयरिकीत वाकडेपणा नको. दोन्ही गावांची अब्रू शाबूत राहायची. पोरीची जायची, पण ती कुणी धरत नसे.

आपला उपयोग कशासाठी होतो हे तातेरावांना पहिल्या लग्नसराईतच कळलं होतं. तरी ते जात राहिले. जन्मभर नापास झालेल्या माणसाला नापास करणाऱ्यांच्या रांगेत खुर्ची मिळाली, तर तो खुर्चीचे पाय तपासत बसत नाही.

मात्र पोटची पोर मोठी होऊ लागली तसे ते सावध झाले. मोहिनीला त्यांनी सगळं जग पाठ करायला लावलं. त्यांची बायको चांगुणाबाई कुरकुरायची, "पोरीला भाकरी तर थापू द्या. सासू काय नदी इचारून जेवाया वाढणार हाय?"

"तुला न्हाई कळायचं," तातेराव म्हणत.

ज्या सबबीनं इतक्या पोरी नाकारल्या, ती सबब मोहिनीपुरती शिल्लक ठेवायची नाही, असा त्यांचा बेत होता.

दोन हजार तीन साली जवळा बाजारचे पाहुणे आले. मुलाचा चुलता दगडोबा पुढारी होता, आणि प्रश्न विचारायला त्यांनी शिकवणी घेणारे हनुमान सर आणले होते. आपल्या जागी दुसरा माणूस बसलेला तातेराव पहिल्यांदाच बघत होते. मोहिनीनं जिल्हा सांगितला, मुख्यमंत्री सांगितले. दगडोबानं तिच्या हाताकडं पाहिलं, मग पुतण्याच्या गोऱ्या हाताकडं, आणि अडकित्ता मागितला.

"सर, जरा भायेरचं येऊ द्या."

तातेरावांनी हातातली बशी खाली ठेवली.

"बुर्किना फासोची राजधानी?"

"वागाडुगू," मोहिनी म्हणाली.

सर चपापले. मंगोलिया विचारलं, तिनं उलानबातर सांगितलं. पेरू, लिमा. प्रत्येक उत्तरागणिक तिचा चेहरा उजळत होता. आपण जिंकून राहिलो असं तिला वाटत होतं. स्थळ केव्हाच गेलं होतं आणि पाहुणे नुसते निघायची वाट शोधत होते, हे त्या खोलीत पाहुण्यांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. ती वाट त्यानंच बुजवली होती.

"ऑस्ट्रेलिया?"

"कॅनबेरा."

"सिडनी," सर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"न्हाई सर, कॅनबेराच. इचारा आमच्या बाबाला."

सगळे तातेरावांकडं वळले. त्यांनी दगडोबाकडं पाहिलं. दगडोबा अजून कातरतच होता. कॅनबेरा म्हटलं तर न्यूझीलंड येणार, मग फिजी, आणि पोरगी हसऱ्या तोंडानं पाटावर बसून राहणार.

"सर म्हणतात ते बराबर हाय," तातेराव म्हणाले. "ऊठ बाई. आत जा."

पाहुणे गेल्यावर मोहिनी न्हाणीपाशी कपबश्या विसळत होती.

"बाबा, कॅनबेराच हाय नं?"

"व्हय."

"मंग तसं काहून म्हणले?"

त्यांनी बाहेरच्या प्रश्नाचा अर्थ सांगितला.

"म्हंजे वागाडुगूच्या आधीच न्हाई म्हणून बसले व्हते. आन मी येड्यावानी सांगून राहिले." तिनं कप पालथा घातला. "बाकीच्या पोरींना तुमी कधी म्हणले का, ऊठ बाई, आत जा म्हणून?"

"न्हाई."

चार दिवसांनी निरोप आला. शब्द नेहमीचेच होते. तातेरावांचीच पोरगी जनरल नॉलेजात कच्ची, ही बातमी पार कनेरगाव नाक्यापर्यंत पोचली, आणि लोकांनी ती चवीनं चघळली. ती खोटी म्हणायची सोय तातेरावांना नव्हती. शिक्का त्यांचाच होता.

दोन वर्षांनी बिजवराचं स्थळ आलं. मुलाच्या मावशीनं सहज, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "भारताची राजधानी कोनती गं?"

मोहिनीनं समोर बसलेल्या बापाकडं सरळ पाहिलं.

"न्हाई माहीत," ती म्हणाली.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पोरगी साधी हाय, मावशी म्हणाली, आणि कुंकू लावायला पुढं झाली.