बसवलेला पाठ

आमच्या बी.एड. कॉलेजात सराव पाठ 'बसवतात'. दशावतारी नाटक तालमीशिवाय रंगतं, आमचा पाठ तसा चालत नाही. आदल्या दिवशी शाळेत एक ऑफ तास मागून घ्यायचा, मुलांना प्रश्न आणि उत्तरं सांगून ठेवायची, हात कोणी वर करायचा ते ठरवायचं. शिवाय एकीला चुकायला सांगायचं. सगळीच उत्तरं बरोबर आली तर निरीक्षकाला संशय येतो, आणि चूक आली की ती सुधारताना आपण शिकवतोय असं दिसतं. चुकायला हुशार मुलगीच निवडतात, कारण सांगितलेली चूक तिच्या नीट लक्षात राहते.

हे मला आधीच्या वर्षाच्या मुलींनी सांगितलं. मी आमच्या घरातली पहिली बारावी पास, पहिली पदवीधरही. पुढे चाललेले लोक ज्या वाटेने जातात तीच वाट, एवढंच मला कळत होतं.

माझा इंग्रजीचा पाठ शिरोड्याजवळच्या एका शाळेत होता. आठवी, परिच्छेद लेखन, विषय 'माझं गाव'. बघायला येणार होत्या विद्यापीठातल्या मॅडम. लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना त्या तयार करतात, आणि या वर्षी आमच्या 'मदतीसाठी' येणार, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. मदतीसाठी विद्यापीठातून कोणी एवढ्या लांब येतं, यावर आमच्यातल्या कोणाचाच विश्वास नव्हता.

मॅडम आल्या त्या मूल्यमापनाचा फॉर्म न घेताच. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत, शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मधे बसल्या. हातात छोटी वही. मी फळ्याकडे वळले की त्या काहीतरी लिहायच्या. मी वळून बघितलं की हसायच्या. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

पाठ मात्र ठरल्याप्रमाणे झाला. चुकायची ती मुलगी चुकली, मी सुधारलं. सगळ्यांनी परिच्छेद लिहिला. तो मी गाईडमधून काढून आदल्या दिवशी पाठ करून घेतला होता. तास संपता संपता मॅडमनी शेजारची वही वाचली, मग पुढची, मग पलीकडची. पहिल्या रांगेतल्या मुलाला विचारलं, "गावात उसाची शेतं आहेत असं लिहिलंयस. कुठे आहेत?"

तो उभा राहिला. "ऊस जत्रेत असता, मॅडम. रसाच्या गाड्यार."

वर्ग हसला. बत्तीस वह्यांत उसाची शेतं होती, आणि खिडकीतून समुद्राची गाज ऐकू येत होती. समुद्र मात्र एकाही वहीत नव्हता. गाईड लिहिणारा घाटावरचा असणार. मी ते पाच-सहा वेळा वाचलं होतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वेंगुर्ल्यात जन्मले, वाढले, तरीही नाही.

मॅडमनी सगळ्या वह्या मागून घेतल्या, गाडीत ठेवल्या आणि गेल्या.

पुढचा आठवडा मी नुसते अंदाज बांधत होते. पाठ नामंजूर झाला तर इंटर्नशिपचं प्रमाणपत्र नाही, आणि वर्ष फुकट. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलते. माझी मुलगी बाई होणार, असं तिने तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, वह्या पुरावा म्हणून नेल्या. मग वाटलं, आमच्यातल्याच कोणीतरी आधी सांगितलं असणार. ग्रुपवर कोण काय लिहितं तेही मी संशयाने वाचू लागले.

मग मॅडमचा निरोप आला: पाठाच्या आधी काय काय झालं ते लिहून आण. मराठीत चालेल, मालवणीतही चालेल.

दोडामार्गची माझी मैत्रीण ते वाचून म्हणाली, "मालवणीत पण? गो, इतक्या गोडीन मागतत म्हणजे कायतरी आसा."

आईने तर हातातलं काम ठेवलं. "काय सांगूचा ता तोंडान सांग. लिवान दिव नको."

तिचं कारण मला माहीत होतं. कारखान्यात एका बाईचा हात काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजला, तेव्हा साहेबांनी आईला सांगितलं, तू बघितलंस ना, लिहून दे. लिहिलं दुसऱ्याने, आईने सही केली. हातमोजे त्या बाईनेच घातले नव्हते, असं त्यात होतं, हे तिला नंतर कळलं. ती बाई अजून आईशी बोलत नाही.

मी दोन कागद लिहिले. एकात सगळं व्यवस्थित होतं. दुसऱ्यात खरं होतं: ऑफ तास, गाईड, चुकायला सांगितलेली मुलगी. मॅडम आमच्या कॉलेजात आल्या त्या दिवशी दोन्ही पिशवीत टाकून गेले. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी हात पुढे केला, आणि मी खरा कागद दिला. धीर आला म्हणून दिला असं नाही. खोट्यात मला वाक्यंच नीट जमली नव्हती.

त्यांनी माझ्यासमोरच वाचला. पेन्सिलने एका जागी काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "हा पाठ मी धरणार नाही. गुरुवारी पुन्हा घे. बसवायचा नाही." आणि कागद मलाच परत दिला. "हा तुझा आहे."

बाहेर येऊन मी तो उलटसुलट तपासला. शेरा नव्हता, गुण नव्हते. समासात एकच प्रश्न होता: 'जिला चुकायला सांगितलं, तिला कसं वाटलं?'

हे मला सुचलंच नव्हतं. बुधवारी शाळेत जाऊन त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माका बरोबर येता, बाई. तुमी सांगलास म्हणान चुकलंय. आता पोरां माका चिडवतत." माझ्याकडे न बघता ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. मी माफी मागितली. ती तिला खरी वाटली असेल, असं मला वाटत नाही.

गुरुवारी वर्गात शिरताच एकाने विचारलं, "बाई, आज चुकूचा कोणी?"

"कोणीच ठरवून नाही," मी म्हटलं. "आज सकाळी घरातून निघाल्यापासून शाळेपर्यंत काय बघितलं ते लिहा. इंग्रजी शब्द अडला तर मला विचारा."

बराच वेळ कोणी पेन उचललं नाही. पाठ टाचणात एवढ्या शांततेला जागा नसते. मॅडम शेवटच्या बाकावर होत्या, आणि त्या मला पाडायला आल्यात असं तेव्हाही मला वाटत होतं. मग एकाने जाळ्याला काय म्हणतात ते विचारलं, एकाने खेकड्याला. ती मुलगी वहीवर हात आडवा धरून बसली होती.

"बाई, ह्या तुमी कोणाक दाखवतलास?"

"तू सांगशील त्यालाच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग लिहायला लागली. तास संपल्यावर वही दप्तरात घालून निघून गेली.

मॅडमनी जमलेल्या वह्या मोजून विचारलं, "एक वही कमी का?"

"तिला द्यायची नव्हती."

त्यांनी फॉर्म काढला, 'पाठ मान्य' लिहिलं, सही केली. मी दोनदा वाचलं, तारीखही बघितली. मग विचारलं, "मॅडम, याचा फोटो काढून ठेवू?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "काढ. सही नीट येऊ दे."