पडद्यावर सरूबाई

"उभी राहा," सर माईकवरून म्हणाले. "लोकांना दिसू दे."

मी उभी राहिले. सांगलीतलं ते गारेगार सभागृह. खुर्च्यांना तांबडं कापड. सगळ्या माना एकदम मागं वळल्या.

"ही आमच्या प्रकल्पातली मुलगी. ही त्याच समाजातून आलेली आहे बरं का. त्यामुळे त्या बायका हिच्याजवळ मोकळेपणानं बोलतात. आम्ही मुद्दामच तशी निवड केली."

पुढच्या रांगेतल्या रेशमी साडीवाल्या बाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. शेजारणीला म्हणाली, "वाटत नाही हं बघून."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कशासाठी? मी एम. ए. झाले होते म्हणून? की त्या गल्लीत नसून इथं होते म्हणून? सर्कशीतलं जनावर दोन पायांवर उभं राहिलं की वाजवतात, तशा टाळ्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

मी माण तालुक्यातली. बौद्धवाड्यातली. आई रोजगार हमीवर खडी फोडायची. त्या खडीवरच मी शिकले. समाजशास्त्रात एम. ए. केलं. वस्तीत बाया म्हणायच्या, "ही आता सायेब हुनार." साहेब कुठली? नोकरीसाठी वर्षभर दारं झिजवली. मग सांगलीच्या या सरांनी बोलावलं.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. एड्सच्या भीतीनं सरकार दचकलं होतं. बायकांच्या खरेदी-विक्रीवर संशोधन करायला दिल्लीहून अनुदान येत होतं. सरांना मोठं अनुदान मिळालं. त्यातून त्यांच्या केबिनला गालिचा आला, जीप आली, स्लाइड दाखवायचं यंत्र आलं. आणि मी आले. शरीराचा धंदा चालतो त्या गल्लीत जाऊन बायकांशी बोलायचं, ते लिहून आणायचं, हे माझं काम.

"तुमच्यात त्याचं फारसं काही वाटत नाही ना," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "आमच्या मुलींना तिथं पाठवणं बरं दिसत नाही."

मी वही-पेन उचललं. पगार हवा होता.

ऑफिसात माझा कप वेगळा. "त्या गल्लीत जातेस, संसर्ग नको," म्हणून. कपातून एड्स पसरत नाही, हे सरांनीच छापलेल्या पत्रकात होतं. ते पत्रक वाटायला मीच जायची.

माझी भाषाही त्यांना खुपायची. "'न्हाई' काय? 'नाही' म्हण. अहवालात खेडवळपणा उतरतो." मी 'नाही' म्हणायला शिकले. ऑफिसात पूर्ण 'ह' आणि 'ण' लावून बोलायची. गल्लीत गेले की जीभ सुटायची.

गल्लीत सरूबाई भेटली. चाळिशीची असेल. दारात बसून भाजी निवडत होती. मला बघून म्हणाली, "आली का सरकारची मानसं? मागल्या साली बी आलती. इचारून गेली. फुडं काय झालं?"

मी काढलेली वही पिशवीत घातली. तिनं बसायला पाट दिला.

सरूबाई पाटणकडची. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची सून. नवरा वारला. दिराला तिच्या वाट्याची जमीन हवी होती. मिरजेच्या दवाखान्यात दाखवतो म्हणून त्यानं तिला एसटीत बसवलं आणि या गल्लीत आणून विकलं. तिची लहान लेक तेवढी तिच्याजवळ राहिली, कारण दिराला पोरगीही नको होती. ती लेक आता लोणंदला वसतिगृहात राहून शिकत होती. आई सांगलीत हळदीच्या वखारीत कामाला आहे, एवढंच तिला माहीत होतं.

"तिला कळलं तर मी मेले," सरूबाई म्हणाली. "मंजे जगूनशानी मेले."

मी सगळं लिहिलं. दीर, जमीन, दवाखान्याची थाप, विकत घेणारी मालकीण, दर आठवड्याला फिरकणारा पोलीस. सरांना दिलं. त्यांनी वाचलं आणि लाल पेनानं आडवी रेघ मारली.

"ही बाई वरच्या जातीतली आहे. हा अपवाद. अपवादानं निष्कर्ष बिघडतो."

"पण सर, नेणारा दीर..."

"नेणारे आपल्या विषयाच्या कक्षेत येत नाहीत. आपला विषय त्या बायका."

गल्लीतल्या बायका काही मागायच्या. पोरांना बापाचं नाव न विचारता शाळेत घेतलं पाहिजे. दवाखान्यात डॉक्टरनं लांबून औषध फेकू नये. मी सरांना सांगितलं. सर हसले. "संशोधन म्हणजे मदत नव्हे. हे आधी शीक."

एकदा सर स्वतः गल्लीत आले. रुमाल नाकाला. गटार ओलांडताना पँट वर धरलेली. कॅमेरा काढला आणि सरूबाईचा फोटो घेतला. तिनं तोंडावर पदर ओढला तर म्हणाले, "कामाचा पुरावा लागतो सरकारला. फाइलीत राहील. कुणी बघत नाही. पदर काढ." तिनं माझ्याकडं बघितलं.

"तोंड दिसंल व्हय गं कुनाला?"

"न्हाई मावशी. मी हाय न्हवं," मी म्हणाले.

तिनं पदर काढला. जीपमध्ये बसल्यावर सरांनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. कुणाला शिवले नव्हते. तरी धुतले.

आणि आता त्या सभागृहात माझ्यावर टाळ्या पडत होत्या आणि सरांच्या मागच्या पडद्यावर सरूबाई उमटली होती. भिंतीएवढी. पदर काढलेली. गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. पुढं वार्ताहर बसले होते. एक जण कॅमेरा डोळ्याला लावत होता.

अपवाद म्हणून खोडलेल्या सरूबाईच्याच चेहऱ्याखाली अक्षरं होती. 'या समाजघटकातील मुली परंपरेने व स्वेच्छेने या व्यवसायाकडे वळतात.'

ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

मी नववीत असताना आमच्या वस्तीतली छाया गेली. माझ्याच वर्गातली. दुष्काळाचं साल. एक माणूस गाडी घेऊन आला. मिरजेच्या दवाखान्यात आयाची नोकरी लावतो म्हणाला. छायाला नेलं. पत्र नाही, निरोप नाही. तिची आई माझ्या आईला घेऊन चौकीत गेली, मीही मागोमाग गेले. हवालदार पान खात होता. तो म्हणाला, "तुमच्यातल्या पोरी जात्यातच की. हौस आसती त्यास्नी." आणि आमच्या पायाजवळ थुंकला. एक थेंब छायाच्या आईच्या लुगड्यावर उडाला. तिनं तो तिथं पुसला नाही. घरापर्यंत तसाच आणला.

हवालदारानं जे गावठी भाषेत थुंकलं, तेच सरांनी शुद्ध भाषेत पडद्यावर लिहिलं होतं. सरकारी पैशानं. माझ्याच पायपिटीवर.

"बोल ना," सर म्हणाले. "तुमच्याकडच्या मुली या मार्गाला का लागतात? तुझ्या शब्दांत सांग. साध्या."

मी पुढं निघाले. लोकांना वाटलं, व्यासपीठावर चाललेय. वाटेत टेबलावर ते यंत्र घुरघुरत होतं. मी हात घातला आणि सरूबाईची स्लाइड उपसून काढली. बोट भाजलं. पडदा पांढरा झाला.

"अगं, काय करतेस?"

"हिचं तोंड दाखवायचं न्हवतं. मी सबूद दिला होता."

"खाली बस."

"न्हाई बसत."

न्हाई. माझ्या आईच्या तोंडातला शब्द माझ्या तोंडून भर सभागृहात बाहेर पडला. तो गिळायला मला कुणी पुन्हा शिकवू शकणार नव्हतं.

"तुमी इचारलं न्हवं, आमच्यातल्या पोरी या मार्गाला का लागत्यात? लागत न्हाईत. त्यास्नी नेत्यात. फसवून नेत्यात, इकत्यात. इकनारा कुठल्या जातीचा, घेनारा कुठल्या घरचा, रोज रातच्याला जानारे कोन, त्येंचा फोटू का न्हाई पडद्यावर? सरकारनं तेवढं पैसं दिलं न्हवतं काय?"

कुणी हललं नाही. रेशमी साडीवाली आपल्या बांगडीकडं बघत होती. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि माईक ओढून म्हणाले, "चहाची वेळ झाली आहे. बाहेर बटाटेवड्यांची सोय केली आहे."

आणि सगळे उठले. खरंच उठले. दाराशी गर्दी झाली. वड्यांचा वास आत आला. चटणी संपली म्हणून कुणीतरी वाढप्यावर ओरडत होता. मी स्लाइड मुठीत धरून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेला खरंच ओकले.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"माफीपत्र लिही. दिल्लीला मी काय तोंड दाखवू?"

"सरूबाईचं दाखवलंत की."

त्यांचा चेहरा लाल झाला. मग आवाज मऊ केला. "हे बघ, दुसऱ्या टप्प्याचं अनुदान येणार आहे. तुझा पगार वाढवतो. तुमच्यातून एखादीच इतकी शिकते. नाहीतर जा गावाला, फोड खडी."

"फोडते. आईनं फोडलीच हाय."

मी निघाले. माझा वेगळा कप टेबलावर होता. तो उचलून दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. फुटल्याचा आवाज केबिनपर्यंत गेला असेल. जावा म्हणूनच जोरानं टाकला.

तशीच गल्लीत गेले. सरूबाईला सगळं सांगितलं. स्लाइड तिच्या हातात ठेवली. तिनं ती उन्हात धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघितली.

"लयच म्हातारी दिसाय लागली की गं मी," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला नाही. तिनं स्लाइड चुलीत टाकली. घाण वास सुटला. धूर डोळ्यांत गेला तरी ती चुलीपुढून हलली नाही.

"लोनंदची पोरगी वाचली म्हनायची," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "ह्या येळला. फुडच्या येळला कोन हाय?"

पेपरात बातमी आली. सरूबाईचा फोटो नव्हता. सरांचा होता, हार घातलेला. संशोधनानं समाजाचे डोळे उघडले, असं लिहिलं होतं. दुसऱ्या टप्प्याचं अनुदानही मंजूर झालं. माझ्या जागी आणखी एक मुलगी घेतली. आमच्यातलीच. मी तिला भेटून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, घरी चार माणसं खाणारी आहेत."

मी गावाकडं आले. खडीवर गेले, संध्याकाळी वस्तीतल्या पोरी शिकवू लागले. छाया सापडली नाही. आजतागायत नाही.

मग एका उन्हाळ्यात पुण्याहून एक बाई आल्या. खादीची साडी, खांद्याला शबनम. माझ्या घरात जमिनीवर बसल्या. माझ्या हातचं पाणी न कचरता प्यायल्या. त्यांनाही सरकारचा प्रकल्प मिळाला होता.

"तुमच्याबद्दल ऐकलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोबत असलात की त्या बायका बोलतील. छायाच्या आईलाही भेटायचंय. तिच्या वेदना नोंदवायच्या आहेत."

"नेणाऱ्यांना भेटलात?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दलाल. मालकिणी. हप्ता घेणारे. गिऱ्हाईकं. त्यांना प्रश्न विचारलेत? बाप काय करतो, असलं कधी सुरू केलं, घरात परंपरा आहे का?"

त्या कसनुसं हसल्या. "ते अवघड असतं हो. ती माणसं बोलत नाहीत."

"मग आमी का बोलायचं?"

त्यांनी उघडलेली वही मिटली. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण मला आता चांगल्या माणसांचीही किळस यायला लागली होती, आमच्या जखमेत बोट घालून झाल्यावर हळूच आभार मानणाऱ्यांची.

मी उठून त्यांची शबनम त्यांच्या हातात दिली.

"बाई, आमचा अभ्यास लय झाला. आमची जात बघून झाली, आमची उपासमार मोजून झाली. आता इकनाऱ्याचा अभ्यास करा. त्येचं नाव लिवा, तोंड छापा, मंग या. तवर हितली एक बी बाई तुमच्याफुडं तोंड उगडनार न्हाई. सरकार आलं तरी न्हाई."

त्या निघून गेल्या. मी त्याच संध्याकाळी वस्तीतल्या घराघरांत गेले आणि प्रत्येक बाईला हेच सांगून आले.