फॉल लावणारी भाची

माझ्या नवऱ्याला एकदा लग्नाची मागणी आली होती. मुलगा मुंबईला कामाला, निर्व्यसनी, गावी थोडी शेती. नवरा पडद्याआड बसून सगळं ऐकत होता.

आम्ही पोलादपूरला राहतो. महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथून जवळच माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, मध्ये पडदा. अलीकडे मी आणि मशीन, पलीकडे संसार. नवरा महाडच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात फिटर होता. त्याचं युनिट बंद झालं. त्यानंतर कित्येक महिने तो पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचा, दाढी करायचा, कंपनीचे बूट घालायचा आणि पडद्यामागे खुर्चीवर बसून राहायचा. बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. परत विचारलं नाही.

मग लग्नसराई आली. वाड्यावस्त्यांवर मुंबईची माणसं उतरली आणि माझ्याकडे साड्यांचा ढीग लागला. ब्लाउज मी कसेही उरकते, पण फॉल हातानेच लावावा लागतो. साडीच्या खालच्या काठाला आतून ती पट्टी शिवायची आणि वरून टाका दिसता कामा नये. एका दुपारी त्याने न विचारता एक साडी मांडीवर ओढली. तो वसईच्या कोळ्याचा मुलगा, फाटकी जाळी सांधत लहानाचा मोठा झालेला. संध्याकाळी मी साडी उलटसुलट करून पाहिली. टाका सापडेना. इतकी वर्षं शिवतेय मी. मला चक्क राग आला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "फिटर माणूस बायकांच्या साड्या शिवतो म्हणतील."

त्यामुळे डोंगरातल्या वाडीवरची मावशी, माझं जुनं गिऱ्हाईक, साडी न्यायला आली तेव्हा माझी पंचाईत झाली. तिने काठ डोळ्यांजवळ धरला.

"यो फॉल कोनी लावला गो? तुझा हात नाय ह्यो."

"भाचीने," मी म्हटलं. खोटं बोलायचं तर जवळच्या नात्यातलं बोलावं, लक्षात राहतं.

भाचीचा लौकिक झाला. बायका साडी टाकताना बजावून जायच्या, भाचीकडंच दे हां. नवरा आत बूट घालून भाचीची कामं उरकत होता. आणि एप्रिल संपता संपता मावशी पुन्हा आली, या खेपेला साडीशिवाय.

"माझ्या लेकाला बघतंय मी पोरगी. मान खाली घालून काम करनारी पायजे. तुझी भाची दाखव."

पडद्याआड खोकला आला. मी म्हटलं, "मावशी, आम्ही ख्रिश्चन."

"ता मना ठावं हाय. पन पोरगी तर बघू."

भाची वसईला गेलीय, शनिवारपर्यंत येईल, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. एका खोट्याला किती ठिगळं लावावी लागतात हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात एक मे होता. महाड-पोलादपूर मिळून आमची मोजकी कॅथलिक कुटुंबं. चर्च नाही; महाडला भाड्याच्या हॉलमध्ये मिस्सेची प्रार्थना होते आणि फादर बाहेरून येतात. त्या दिवशी कष्टकरी संत योसेफाचा, म्हणजे येशूच्या सुतार बापाचा सण; त्याला आमच्यात एक रीत आहे. ज्याने त्याने आपलं हत्यार वेदीपाशी नेऊन ठेवायचं. शेवटी फादर एकेक हत्यार उचलतात, मालक पुढे येतो, फादर त्याच्या तळहातावर क्रूस काढतात आणि हत्यार परत देतात. गावाकडे दसऱ्याला करतात तसंच, फक्त झेंडूशिवाय.

आदल्या दिवशी नवऱ्याने ट्रंकेतून पाना काढला आणि तेल लावून पुसत बसला.

"हा काय करतो हल्ली?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग देवाला काय म्हणून दाखवणार?"

"सुई नेऊ का? सगळे कंपनीतले असतात तिथे." त्याचा आवाज चढला. "त्यापेक्षा मी येतच नाही."

"पानाच ने," मी म्हटलं. "देवालाही भाचीच सांगू."

हे बोलायला नको होतं. पण बोलले. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी तो आला मात्र, बूट घालून, खिशात काहीतरी घेऊन. हॉलमधली वेदी म्हणजे पांढरी चादर घातलेलं टेबल. त्यासमोर नर्सचा स्टेथोस्कोप, ड्रायव्हरची किल्ली, बेकरीवाल्याचा साचा, माझी कात्री. त्याने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी कडेला ठेवलं. फादर प्रवचनात म्हणाले, की देवाच्या पुत्राने बहुतेक आयुष्य नाझरेथला रंधा मारण्यात घालवलं आणि तेवढ्या वर्षांत एकही चमत्कार केल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शेवटी फादरांनी रुमाल उघडला. आत सुई, दोऱ्याचं रीळ आणि बोटात घालायचं अंगुस्तान. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. शिवणारी म्हणून सगळे मलाच ओळखतात. फादरांनीही हात माझ्याच दिशेने केला. माझी कात्री आधीच परत मिळून माझ्या मांडीवर होती. मी उठले नाही.

बूट वाजले.

"माझं आहे, फादर," तो म्हणाला. "मी साड्यांना फॉल लावतो."

कुणी हसलं नाही. फादरांनी त्याचा तळहात धरला आणि इतरांच्या हातावर काढला तेवढाच क्रूस काढला. मला रडू आवरेना. मागून त्याचा जुना जोडीदार म्हणाला, "आमच्या घरी दोन साड्या पडून आहेत रे."

शनिवारी मावशी आली. मी तोंड उघडायच्या आत पडदा सरकला आणि तो बाहेर आला.

"मावशी, ती भाची मीच."

मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मिशा हायत," ती म्हणाली. "आता लेकाला काय सांगू मी?"

तिने पिशवीतून एक हिरवी साडी काढली आणि माझ्यासमोरून हात नेऊन त्याच्या हातात दिली.

"ही माझी. लेकाच्या लग्नात नेसायची. पोरगी मिलंल तवा मिलंल, तू फॉल लावून ठेव."

तो साडी घेऊन पडद्याकडे वळला आणि थांबला. आत उजेड कमी पडतो, म्हणाला. पडदा गुंडाळून त्याने वर बांधला आणि दुकानाच्या दाराशी चटई टाकली. मांडी घालून बसायचं, म्हणून बूट काढले.