दशांश चिन्हाची काळी टोपी

हे मी आजवर कोनापाशी बोललो नाई. बायकोपाशी बी नाई — तसं लग्नच व्हायचं हाय म्हना. गावात मी नकल्या. तोंड उघडलं की लोक हसाले तयार. आज नका हसू, भाऊ.

आधी माझ्या शाळेतल्या मडावी बाईचं सांगू द्या. वर्ध्याहून एस्टीनं ये, नोकरी टेम्परवारी. लिटर-मिलीलिटर आमच्या डोस्क्यात घुसेच ना. तर बाईनं काय केलं? सात पोट्टे लायनीत उभे केले — किलोलिटर, हेक्टोलिटर, डेकालिटर, लिटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलीलिटर. हरेकाच्या हातात पाटी, पाटीवर एक आकडा. अन् मी? मी दशांश चिन्ह! डोक्यावर काळी टोपी. लिटरपुढं उभा राह्यलो की दोन पॉइंट तीन चार पाच लिटर. उड्या मारत मिलीलिटरच्या पुढं गेलो की दोन हजार तीनशे पंचेचाळीस मिलीलिटर. एक आकडा पुसा लागे ना! असं डोकं मी अजून दुसरं पायलं नाई.

मंग तपासनी आली. बाईचं नोकरीत पक्कं होनं तपासनीच्या साहेबाच्या शेऱ्यावर होतं. हे साऱ्यायले ठाऊक होतं — मले बी. पन साहेब ढेरी पुढं काढून, हात मागं बांधून चाले... समजलं न आता?

"हे दोन पॉइंट तीन चार पाच लिटर दूध. मिलीलिटर करून दाखव," साहेब आमच्या लायनीकडं पाहून म्हणाले.

मी त्यायचीच चाल चालत निघालो. पोट्टे फिसकन हसले. हसू ऐकलं की मले भान राह्यते काय? डेसिलिटरपाशीच थांबलो, ढेरीवरून हात फिरवला. वर्गाले टोपी पाहून आकडा वाचाची सवय, अन् साहेबानं मागितले मिलीलिटर — सारे ओरडले, "तेवीस पॉइंट चार पाच मिलीलिटर!"

"बाई, दोन लिटर दूध तेवीस मिलीलिटरमंधी मावलं कसं?" मंग साहेब माझ्याकडं वळले. "इथं काऊन थांबला बे?"

सांगू? — मी म्हणलो, "बाईनं असंच शिकवलं, साहेब."

बाईनं माझ्याकडं पायलं. हा पोट्टा खोटं बोलते, एवढं म्हणली असती तरी ती सुटली असती. हेडमास्तर छडी घेऊन दारातच उभे होते. बाई म्हणाली, "चिन्हाचं काय चुकते, साहेब? ठेवनाऱ्याचं चुकते." अन् माझी वाकडी झालेली टोपी सरळ केली.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या. बाई आली नाई. नवे गुरुजी आले, ते नुसतं पाठ करून घेत.

परवा भाचीले अंगनात तशाच उड्या मारून शिकवलं. पटकन समजलं पोरीले. "मामा, हे कोनं शिकवलं तुले?"

"मीच काढलं," म्हणलो.

बाईनं शिकवलं — हे मी जलमात एकदाच बोललो. तेव्हा ते खोटं होतं.