लाटेला शेवट कळू नये म्हणून

लातूर नुकतंच वेगळं होऊन जिल्हा झालं होतं, आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माझे बाबा सुतार. तिफणी आणि बैलगाड्यांची कामं बंद पडली, पण नव्या कचेऱ्यांना टेबलं-खुर्च्या लागत होत्या, त्यावर घर चाललं. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात एम. ई. करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

माझा प्रबंध पितळी चौकोनी नळीतून जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर होता. कॉम्प्युटरवर नळीचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात दर क्षणाला लाट किती आहे, ते काढायचं. पण कॉम्प्युटरातली नळी कुठेतरी संपवावीच लागते, मेमरी तेवढीच. त्या शेवटच्या चौकोनांना काय सांगायचं? मी तिथे शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे धातूची भिंत. लाट तिथे आपटून परत फिरायची आणि सगळं गणित गढूळ व्हायचं.

दोन महिने त्यात गेले. मग मी भिंत काढली. शेजारच्या चौकोनातली लाट थोड्या वेळाने आपल्याकडे येणार, एवढंच शेवटच्या चौकोनाने मानायचं. परत येणारी लाट कमी झाली, पण गेली नाही. एका दुपारी हॉस्टेलसमोर टँकरच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं: मी वेग मोकळ्या हवेतला घातला होता. नळीत तो वेगळा असतो, आणि तो मीच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात काढून ठेवला होता! बादली मैत्रिणीच्या हातात दिली आणि पळाले. त्या दिवशी लाट पहिल्यांदा गेली ती गेलीच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी छापील कागद नीट पाहिले. "कागदावर छान आहे. आता खऱ्या नळीवर दाखव."

खरी नळी प्रयोगशाळेत होती, पण तिच्या टोकाशी लाट शोषून घेणारा तुकडा कधीच हरवला होता. नवा मागवायचा तर वर्ष गेलं असतं. सर म्हणाले, पूर्वी लोक लाकडाचा करायचे, वरून पेन्सिलीतल्या शिशाची पूड लावून. मी नळीचा एक तुकडा पिशवीत घातला आणि लातूरची एसटी धरली.

बाबा कलेक्टर कचेरीच्या टेबलाला रंधा मारत होते. "काय करायलीस गं तू तिकडं?" त्यांनी विचारलं.

"लाटेला नळी संपल्याचं कळायला नको, बाबा. कळलं की ती परत फिरते."

त्यांनी तुकडा डोळ्याला लावून आरपार पाहिलं. आतून जेमतेम इंचभर रुंद. "मग ठोकळा न्हाई चालायचा. टोक लई लांब काढावं लागंल, सुईवानी. हळूहळू भरत गेलं तर तिला कळंल कसं?"

हेच मी आठवड्यापूर्वी एका जाड पुस्तकात वाचलं होतं, आकृतीसकट.

दोन पाचरी टोकाला मोडल्या. तिसरी सागवानाची, जमली. बाबांनी आपल्या खुणेच्या पेन्सिली फोडल्या, शिसं कुटलं, सरसात कालवून पाचरीवर चढवलं.

नांदेडला मी आधी नळीचं टोक धातूच्या पत्र्याने बंद केलं. मोजणारी सळई नळीवरून सरकवत गेले तसा मीटरचा काटा वरखाली नाचला, अगदी कॉम्प्युटरवर मी शून्य लिहिल्यावर लाट नाचायची तसा. मग पत्रा काढून पाचर घातली. काटा जागचा हलेना; लाट परत येतच नव्हती. सरांनी तीनदा मोजून पाहिलं.

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पाचर उचलली. "कुठल्या कंपनीची?"

"लातूरची, सर. माझ्या वडिलांनी केलीय."

परीक्षेसाठी लातूरहून आलेले बाबा बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांना आत बोलावलं. टोक एवढं लांब का, असं परीक्षकांनी विचारलं, तर बाबांनी हातानेच दाखवलं, लाट कशी आत शिरते आणि कशी विरते. परीक्षक आमच्या सरांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. मग त्यांनी माझं अभिनंदन केलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, मी पास झाले."

"ते ठाऊक हाय मला. माझ्याबद्दल काय म्हणले?"

"म्हणाले, इतकी चांगली पाचर त्यांच्या प्रयोगशाळेतही नाही."

"हाव?" बाबा म्हणाले, आणि एसटी येईपर्यंत त्यांनी ते वाक्य माझ्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतलं.